उजेडाचा भाव

केळापूर हे तालुक्याचं नाव, पण तहसील, बाजार आणि एसटी स्टँड पांढरकवड्यात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथूनच जातो. केळापुरात जगदंबेचं देऊळ, पलीकडे टिपेश्वरचं जंगल, दक्षिणेला पैनगंगा आणि नदी ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. कापसाच्या या मुलुखात कॅमेरा घेऊन पोट भरणाऱ्याला पहिल्यापासून एकच अडचण आहे. भर दुपारी बाहेर डोळे दिपतील इतकं ऊन असतं, आणि फोटो हवे असतात ते नेमके जिथे उजेड नाही तिथले : देवळाच्या गाभाऱ्यातले, कुडाच्या घरातले, रात्री नऊनंतर लागणाऱ्या लग्नातले.

फोटोग्राफीचा इतिहास सहसा कॅमेऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो. तालुक्याच्या गावी बसून पाहिलं तर तो उजेड विकत घेण्याचा इतिहास दिसतो. उजेड येतो भिंगातून, आणि भिंग नेहमीच महाग होतं. म्हणून पन्नास मिलिमीटरच्या, एफ १.८ च्या (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), प्लॅस्टिकच्या अंगाच्या एका स्वस्त लेन्सने छोट्या गावांतल्या धंद्यात जे केलं, ते महागड्या कॅमेऱ्यांना जमलं नाही.

सुरुवात १८४० ची. फोटोग्राफीची बातमी जगभर पसरून जेमतेम वर्ष झालं होतं. तेव्हाच्या भिंगातून इतका कमी प्रकाश येई की समोरच्या माणसाला भर उन्हात मिनिटं मोजत निश्चल बसावं लागे. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी आकडेमोड करून एफ ३.६ चं भिंग आखलं. त्या आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातले गणितात तरबेज सैनिक मदतीला दिले होते. फोइग्टलेंडर कंपनीने ते भिंग विकायला काढलं, आणि माणसाचा चेहरा टिपणं हा धंदा होऊ शकला. पुढची कित्येक दशकं स्टुडिओत पोर्ट्रेटसाठी याच घराण्यातली पितळी भिंगं वापरली गेली.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. पण भावाची गोष्ट नीट कळते ती हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांच्यापासून. त्यांचा मुंबईत फोटो स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रं दाखवली गेली. ती पाहून त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला, किंमत २१ गिनी. त्यावर त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले ते विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तो पन्नास पौंडांचा. त्यासाठी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढावं लागलं होतं. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावंडांनी तिसरी वाट धरली. विकत घेणं परवडत नाही, तर कॅमेरा स्वतःच घडवायचा. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने काम तडीस नेलं, आणि त्याच कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

लाकूड, पितळ, कातडी भाता हे सगळं इथल्या कारागिरांच्या हातातलं काम होतं. केरळात आलप्पुळा इथे १९४६ पासून बनणारा ‘वागीश्वरी’ नावाचा लाकडी फील्ड कॅमेरा देशभरच्या स्टुडिओंत गेला. भिंगाची काच मात्र बाहेरची. ही कोंडी पुढे कित्येक वर्षं सुटली नाही.

केळापूरच्या परिसरातल्या माणसांचे फोटो आधी काढले ते बाहेरच्यांनी. हा भाग पूर्वी वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात कोलामांवर टिपण आहे, आणि ग्रंथात छायाचित्रांची पानं आहेत. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ निजामाच्या राज्यात अडकून पडले आणि आदिलाबादच्या मारलावाईत गोंडांमध्ये राहिले. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर गोंड आणि कोलाम नांदतात, त्यामुळे हायमेनडॉर्फ यांनी टिपलेलं जग केळापूरच्या पोडांचं, म्हणजे कोलाम वस्त्यांचंही आहे. त्यांची हजारो छायाचित्रं आज लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत जपलेली आहेत. ज्यांचे ते फोटो, त्यांच्या घरांपासून ते फार दूर आहेत. ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

घराघरात कॅमेरा आला तो अ‍ॅग्फाच्या क्लिक थ्रीने. बडोद्यात बनणारा, १२० च्या रिळावर बारा चौकोनी फोटो देणारा हा साधा डबा. त्यात फिरवायला फारसं काही नव्हतं आणि छिद्र बारीक होतं. ऊन असेल तर फोटो, नसेल तर नाही. सहलीचे, अंगणातले, शाळेच्या पटांगणातले फोटो त्यावर आले. माजघरातले आले नाहीत. जुन्या अल्बमांत माणसं उन्हात डोळे बारीक करून उभी दिसतात, त्याचं कारण हे.

धंदेवाल्याकडे यापेक्षा बरं सामान होतं. दोन डोळ्यांचा यशिका मॅट, त्याचं ८० मिमी एफ ३.५ चं भिंग अंगालाच बसवलेलं. ज्यांना एसएलआर हवा त्यांना रशियन झेनिट मिळे. त्याच्यासोबत हेलिओस ४४ हे ५८ मिमीचं, एफ २ चं भिंग येई. मूळ आराखडा जर्मन झाइसच्या बायोटारचा. वजनदार, ओबडधोबड, पण भरपूर उजेड घेणारं. जपानी माल हवा तर आयातीचे कडक निर्बंध आडवे येत. मग मुंबईत मुसाफिरखाना किंवा मनीष मार्केट गाठायचं, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला गळ घालायची, नाहीतर जुना माल बोरा बाजारात शोधायचा. १ एप्रिल २००१ ला उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठेपर्यंत ही ओढाताण थोड्याफार फरकाने चालू राहिली.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. यशिका, झेनिट, क्लिक थ्री या सगळ्यांचं भिंग ‘प्राइम’च होतं, म्हणजे एकाच नाभीय अंतराचं. झूम कोणाकडे नव्हता. जवळचा फोटो हवा तर पुढे जायचं, सगळी वरात हवी तर मागे सरायचं. नव्वदच्या दशकात आणि मग डिजिटलच्या लाटेत बॉडीसोबत किट झूम मिळू लागला, तेव्हा पायांचं काम मनगटावर आलं. सोय झाली, पण उजेड गेला.

हिशेब सरळ आहे. किट लेन्स १८-५५ मिमीची असते, तिचं छिद्र पूर्ण झूमला एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. पन्नासची लेन्स एफ १.८ ला उघडते. दोन्हींच्या छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशात जवळजवळ दहा पटींचा फरक पडतो. जिथे किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग शटर उघडं ठेवावं लागतं आणि नवरीचा हात हललेला येतो, तिथे पन्नासच्या लेन्सला शंभरावा भाग पुरतो. हळद लावणारा हात हळद लावतानाच थांबतो. फ्लॅश मारावा लागत नाही, चेहरा पांढराफटक होत नाही, मागचा मांडव काळोखात बुडत नाही.

इतका उजेड इतक्या स्वस्तात मिळण्यामागे शंभर वर्षांचं काम आहे. झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये प्लानार नावाचं भिंग आखलं : मध्ये छिद्र, दोन्ही बाजूंना जवळपास आरशातल्यासारखी सारखी काचांची मांडणी. त्याला डबल गाउस म्हणतात. आराखडा उत्तम होता, पण काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश परावर्तित होई आणि चित्र धुरकट येई. झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती काढली. तो लेप रुळल्यावर या घराण्याचे दिवस पालटले.

पन्नासचाच आकडा का, याचंही उत्तर जुनं आहे. लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला तो पन्नास मिमीच्या भिंगासह. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी, म्हणून पन्नासचं भिंग ‘नॉर्मल’ ठरलं. मग एसएलआर आले. त्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो, त्याला जागा लागते. निकॉनमध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी. पन्नासचं भिंग या जागेत जास्तीची कसरत न करता बसतं. २८ किंवा ३५ मिमीचं भिंग बसवायचं तर पुढे आणखी काचा घालून किरण मागे ढकलावे लागतात. काच वाढली की भाव वाढतो. त्यात प्रत्येक एसएलआरसोबत वर्षानुवर्षं पन्नासचंच भिंग दिलं जात होतं, म्हणजे कारखान्यांनी ते लाखोंनी काढलं होतं. आराखड्याचा आणि साच्यांचा खर्च कधीच वसूल झालेला.

कॅननने १९८७ मध्ये ईओएस मालिकेसोबत ५० मिमी एफ १.८ आणलं. डिसेंबर १९९० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तीच पुढे पंचवीस वर्षं विकली गेली. सहा काचा पाच गटांत, वजन फक्त १३० ग्रॅम. वजन उतरलं ते धातू काढून टाकल्यामुळे. माउंटसुद्धा प्लॅस्टिकचा, अंतराची पट्टी गायब, फोकसची कडी टोकाला बोटभर. हातात घेतली तर ही लेन्स आहे की खोकं, असा प्रश्न पडावा. फोकस करताना मोटार घरघरते, अंधारात पुढेमागे शोधत बसते. छिद्राची पाती पाचच, म्हणून मागच्या दिव्यांचे ठिपके गोल न येता पंचकोनी येतात. पूर्ण उघडी ठेवली तर चित्र जरा मऊ, एफ २.८ ला आणली की चार-पाच पट महाग लेन्सशी टक्कर घेते.

मे २०१५ मध्ये एसटीएम आवृत्ती आली. अमेरिकेत तेव्हा तिची किंमत सव्वाशे डॉलर होती, म्हणजे जुनीच्या आसपासच. माउंट पुन्हा धातूचा, पाती सात आणि गोलसर, मोटार शांत, आणि पूर्वी ४५ सेंटीमीटरवर अडणारा फोकस आता ३५ वर. इतक्या सुधारणा आणि भाव तसाच, असं या धंद्यात क्वचित घडतं. जिने ही लेन्स घेतली तिने पैसे पूर्ण वसूल केले, असं खुशाल म्हणावं.

निकॉनवाल्यांची गोष्ट वेगळी आणि थोडी दुःखाची. त्यांची ५० मिमी एफ १.८ डी ही लेन्स चांगली आणि स्वस्त, पण तिच्यात मोटार नव्हती. फोकस फिरवायचं काम कॅमेऱ्यातली मोटार करायची. २००६ च्या डी ४० पासून निकॉनने स्वस्त बॉडीतून ती मोटारच काढून टाकली. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याच बॉडीवर स्वस्त लेन्स आपोआप फोकस होईना. लग्नाच्या धावपळीत हाताने फोकस करणं म्हणजे दहातले चार फोटो वाया. निकॉनने उपाय काढला तो फेब्रुवारी २००९ मध्ये : ३५ मिमी एफ १.८ जी डीएक्स, मोटारीसह, अमेरिकेत दोनशे डॉलरला. पन्नासची मोटारवाली एफ १.८ लेन्स २०११ मध्ये आली.

ही पस्तीसची लेन्स केळापूरसारख्या गावाला पन्नासपेक्षा जास्त लागू पडते, हे अनेकांना खरेदीनंतर कळतं. स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो. त्यावर पन्नासची लेन्स कॅननला ८० मिमीसारखी आणि निकॉनला ७५ मिमीसारखी वागते. मांडवात ठीक. पण दहा बाय दहाच्या खोलीत नवरीला मामेबहिणी सजवत असतात, तिथे फोटोग्राफरची पाठ भिंतीला टेकते आणि चौकटीत फक्त दोन चेहरे मावतात. पस्तीसच्या लेन्समध्ये खोली मावते, आरसा मावतो, दारातून डोकावणारी आजीही मावते.

तरीही गिऱ्हाइकाने मागितलं ते पन्नासचं रूप. आधीच्या पिढीने लग्नात व्हिडिओवाल्याचा हॅलोजन पाहिला होता. एक पोरगा तो दिवा डोक्यावर धरून नवरदेवाच्या तोंडासमोर उभा राहायचा, सगळे घामाघूम व्हायचे आणि अक्षता डोळे मिटूनच पडायच्या. २०१० च्या सुमारास मोठ्या शहरांतले ‘कँडिड’ अल्बम मोबाइलवर दिसू लागले. तालुक्याच्या स्टुडिओत येणारा मुलगा करिझ्मा अल्बमचा भाव ठरवतानाच सांगू लागला, मागे ब्लर पाहिजे. हा ब्लर किट लेन्सला जमत नव्हता. एफ १.८ ला, एका मीटरवरून, लहान सेन्सरवर जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर भाग धारदार राहतो. डोळा स्पष्ट, कान मऊ, मागची दिव्यांची सिरीज म्हणजे रंगीत ठिपके. नवखा हात असेल तर डोळ्याऐवजी मुंडावळ्या धारदार येतात, आणि ते लॅपटॉपवर पाहिल्यावरच कळतं. पण जमलं की त्या एका फोटोवर पुढची दोन लग्नं मिळतात.

या भागातले आणखी एका प्रकारचे फोटो देशाने पाहिले आहेत. कापसाच्या संकटाच्या, शेतकरी आत्महत्यांच्या वर्षांत पत्रकार यवतमाळच्या गावागावांत आले, आणि घरधनी गमावलेली बाई, तिच्या हातात त्याची तसबीर, हे चित्र वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा छापून आलं. त्या तसबिरीकडे नीट पाहिलं तर कळतं, ती बहुधा ओळखपत्राच्या किंवा पासपोर्ट आकाराच्या फोटोवरून मोठी केलेली असते. कुठल्यातरी कामासाठी काढलेला, खांदे ताठ, चेहरा गंभीर. माणसाचा हसतानाचा, घरातला, सहज काढलेला फोटो नसणं हीसुद्धा गरिबीच आहे, आणि तिची नोंद कोणत्याच पाहणीत होत नाही.

टिपेश्वरच्या जंगलात मात्र पन्नासची लेन्स निरुपयोगी. १९९७ मध्ये घोषित झालेलं, १४८.६३ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य टिपाई देवीच्या नावाने ओळखलं जातं. सुन्नाच्या फाटकातून जिप्सीने आत गेलं की वाघ पन्नास-साठ मीटरवर दिसला तरी नशीब. तिथे ५०० किंवा ६०० मिमी लागतात. निकॉनची २००-५०० मिमीची झूम २०१५ मध्ये १,४०० डॉलरला निघाली, आणि ती ‘परवडणारी’ मानली गेली. त्या पैशात पन्नासच्या अकरा लेन्स येतात. म्हणून टिपेश्वरच्या वाघांचे नावाजलेले फोटो बहुतेक नागपूर-हैदराबादच्या हौशी लोकांचे आहेत.

पण या जंगलाबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं ज्ञान स्वस्त, एकाच नाभीय अंतराच्या, बोटाच्या पेराएवढ्या भिंगाने मिळवलं आहे : झाडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या. याची मुळं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यापर्यंत जातात. वाटेत तार ताणून वाघाकडूनच शटर दाबून घेतलेले त्यांचे फोटो १९२७ च्या पुस्तकात आले. नव्वदच्या दशकात के. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपने वाघ मोजण्याची पद्धत बसवली. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे. इथे ब्लर नको, रंग नको; पट्टे मोजता यावेत इतकंच.

२०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा वनविभागात टी-१ वाघिणीच्या शोधात हेच ट्रॅप रानोमाळ लावले गेले. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. २ नोव्हेंबर २०१८ ला राळेगाव तालुक्यातल्या बोराटी परिसरात ती मारली गेली. त्या दोन वर्षांत गावकरी शेतात जायला धजावेनात, आणि वाघिणीच्या बाजूने व विरोधात देशभर भांडण झालं. दोन्ही बाजू बोट ठेवत होत्या ते ट्रॅपमध्ये आलेल्या धूसर, रात्रीच्या, करड्या फोटोंवर. लगेचच्या वर्षी टिपेश्वरचाच एक तरुण वाघ गळ्यातल्या रेडिओ कॉलरसह आदिलाबादमार्गे फिरत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, सुमारे १,३०० किलोमीटर चालून.

आता आरसा असलेले कॅमेरे मागे पडत आहेत. मिररलेसमध्ये आरशाची जागाच नाही, तरी कॅननने २०२० मध्ये आरएफ माउंटसाठी पहिल्यांदा आणलेल्या स्वस्त लेन्सांत ५० मिमी एफ १.८ होतीच. तशाच सहा काचा पाच गटांत, त्यातली एक आता विषमगोलीय. तेव्हा किंमत दोनशे डॉलर होती. जुन्या ईएफ लेन्सा अ‍ॅडॉप्टर लावून नव्या बॉडीवर चालतात, म्हणून जुन्या बाजारात त्यांना अजून भाव आहे. घेणाऱ्याने काही गोष्टी पाहाव्यात. मागून टॉर्च मारून काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते बघावं. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये ती अनेकदा असते. विदर्भात बुरशी कमी, पण फोकसच्या कडीत धूळ जाते, ती फिरवताना करकर लागते. पात्यांवर तेल आलंय का, प्लॅस्टिकच्या माउंटला तडा आहे का, तेही तपासावं. कॅननवाल्याने थोडे जास्त पैसे घालून जुन्या दुसऱ्या आवृत्तीऐवजी एसटीएमच घ्यावी. आणि लहान सेन्सरची निकॉन बॉडी असेल, काम मुख्यतः घरातलं असेल, तर पन्नासच्या मोहात न पडता पस्तीसची घ्यावी.